पेडल बनवताना ५१ के ऐवजी ४७ के लावला तर? माझा तीन पेडलांचा अनुभव

गेल्या पावसाळ्यात घरात बसून गिटारसाठी तीन पेडलं (पायाने दाबून गिटारचा आवाज बदलायचे डबे) बनवायला घेतली, एक आवाज वाढवणारा बूस्टर, एक आवाज जरा फाडणारा ओव्हरड्राइव्ह आणि एक पुरता फाडणारा फझ. तिन्ही एकदम जुनी सर्किटं. बूस्टर म्हणजे इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचा एलपीबी-१, न्यूयॉर्कची ही कंपनी १९६८ ला सुरू झाली आणि हे त्यांचं पहिलंवहिलं उत्पादन. ओव्हरड्राइव्ह म्हणजे आयबानेझचा ट्यूब स्क्रीमर, टीएस ८०८. आणि फझ म्हणजे लंडनच्या आर्बिटरने १९६६ मध्ये काढलेला तो गोल डब्यातला फझ फेस. ह्यांच्या सर्किट डायग्राम कुठेही मिळतात, पार्ट थोडे, आणि हजारो लोकांनी बनवून झालेत त्यामुळे फसायची भीती कमी. डायग्रामवरून यादी काढली आणि शनिवारी दुपारी पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत गेलो. ट्रान्झिस्टर मिळाले, आयसी मिळाला, कपॅसिटर मिळाले (तिथे पॉइंट झिरो फोर सेव्हन मायक्रोफॅरड वगैरे म्हणत बसायचं नाही, सरळ "४७३ द्या, २२४ द्या" असं कोडच सांगायचं, पटकन मिळतो). अडलं सगळं रेझिस्टरपाशी (त्यांची व्हॅल्यू ओहममध्ये, आणि के म्हणजे हजार ओहम).

"काका, एकावन्न के आहे का?"

"एकावन्न? सत्तेचाळीस आहे, छप्पन आहे. एकावन्न कोण नेतं?"

"आणि त्रेचाळीस के?"

"एकोणचाळीस ने नाहीतर सत्तेचाळीस ने. चालतं सगळं."

आता हे "चालतं सगळं" काकांनी टीव्ही, अ‍ॅम्प्लिफायर, पंख्याचे रेग्युलेटर दुरुस्त करणाऱ्यांना आयुष्यभर सांगितलं असणार आणि बहुतेक वेळा ते खरंही असणार. पण कुठे चालतं आणि कुठे नाही हे कळायला मला पुढचे दोनेक महिने लागले, आणि तेच इथे लिहितोय, कारण पेडलं बनवायला सुरुवात करणारा प्रत्येक जण ह्याच काउंटरवर येऊन अडकतो.

आधी हे समजून घेऊ की ५१ आणि ४३ मिळत का नाहीत. रेझिस्टरच्या व्हॅल्यू मनाला येईल तशा नसतात, त्यांच्या ठरलेल्या मालिका आहेत. ई-१२ मालिकेत दर दशकात बाराच आकडे: १०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७, ५६, ६८, ८२. ई-२४ मध्ये ह्यांच्या मधले अजून बारा येतात, त्यात २०, ४३, ५१, ९१ वगैरे. आपल्याकडे साध्या दुकानात ई-१२ भरलेली असते, कारण तेवढ्यात सगळ्यांचं भागतं. अमेरिकन आणि जपानी डायग्राममध्ये मात्र ४३, ५१, २० हे आकडे सर्रास. म्हणून आपली यादी अडते. मुंबईला लॅमिंग्टन रोडला शोधलं तर सापडतात, ऑनलाइनही मिळतात, पण चार रेझिस्टरसाठी कुरिअरचे पैसे भरायचे म्हणजे मूर्खपणा वाटतो.

मी ४७ के घेऊन आलो. घरी पिवळा डीटी-८३० मल्टिमीटर आहे, सगळ्यांकडे असतो तोच स्वस्तातला. पाकिटातले एकेक काढून मोजत बसलो, कोणी ४६.३, कोणी ४६.८, एखादा ४८ च्या वर. पाच टक्केवाला ४७ के म्हणजे ४४.६५ पासून ४९.३५ पर्यंत काहीही असू शकतो, आणि पाच टक्केवाला ५१ के ४८.४५ पासून ५३.५५ पर्यंत. म्हणजे रंगाचे पट्टे पिवळा-जांभळा (४७) असलेला एखादा नग हिरवा-तपकिरी (५१) असलेल्या नगापेक्षा जास्त भरू शकतो! हे बघितलं आणि डायग्राममधल्या आकड्याबद्दलचा माझा अर्धा धाक गेला. साठ-सत्तरच्या दशकात ज्या फॅक्टऱ्यांत ही पेडलं बनली तिथेही असेच पार्ट होते, दोन ओरिजिनल पेडलं एकमेकांशी तंतोतंत जुळत नसणारच.

पहिला हात एलपीबी-१ ला घातला, कारण त्यात एकच ट्रान्झिस्टर (त्याचे तीन पाय म्हणजे बेस, कलेक्टर आणि एमिटर). बेसला दोन रेझिस्टर, वरून ४३० के आणि खाली ४३ के. कलेक्टरला १० के, एमिटरला ३९० ओहम, शेवटी १०० के चा व्हॉल्यूम पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर), आत-बाहेर एकेक १०४ चा कपॅसिटर. झालं पेडल. ह्यात ४३० आणि ४३ दोन्ही ई-२४ चे, दोन्ही माझ्याकडे नाहीत. पण इथे नीट बघितलं तर ते दोघं मिळून फक्त नऊ व्होल्टची वाटणी करतायत, ९ गुणिले ४३ भागिले ४७३ म्हणजे ०.८१८ व्होल्ट बेसला. आणि ४७० के व ४७ के लावले तर? ९ गुणिले ४७ भागिले ५१७, परत ०.८१८. कारण प्रमाण दोन्हीकडे दहाला एक आहे. दोन्ही बदला, ट्रान्झिस्टरला पत्ता लागत नाही.

आता गंमत अशी की दोन्हीतला एकच बदलला तर मात्र चांगलाच पत्ता लागतो. मी हे मुद्दाम ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता पार्ट खोचायचा बोर्ड) करून बघितलं. वरचा ४३० तसाच ठेवायचा (३९० के आणि ३९ के सिरीजमध्ये, ४२९ होतात) आणि खाली नुसता ४३ ऐवजी ४७ लावायचा. बेसचे व्होल्ट ०.८१८ वरून ०.८८७ होतात, म्हणजे सात शतांश व्होल्टचा फरक, दिसायला काहीच नाही. पण ट्रान्झिस्टर स्वतःच त्यातले ०.६ खातो, एमिटरच्या ३९० ओहमवर उरतात साधारण दोन दशांश, आणि त्या उरलेल्या दोन दशांशात सात शतांशाची भर म्हणजे तीसेक टक्के! करंट तेवढाच वाढतो आणि कलेक्टरचे व्होल्ट सव्वा व्होल्टच्या वर खाली घसरतात. तसंच उलट, ३९ के लावला तर दीड व्होल्टच्या आसपास वर जातात. कलेक्टर साधारण साडेचारला असला की सिग्नलला वरखाली सारखी जागा मिळते, तो तीनवर आला की जोरात स्ट्रम केलं की एका बाजूने आधी कापला जातो. बूस्टर आहे, कापला गेला तर काय बिघडलं, उलट काहींना आवडतं, मला हंबकरवर (गिटारच्या दोन कॉइलच्या पिकअपवर) जरा घाणेरडा वाटला. म्हणजे एकाच पेडलमध्ये, एकाच जागी, काकांचं वाक्य एकदा शंभर टक्के खरं आणि एकदा खोटं.

ह्याच पेडलात अजून एक अदलाबदल होती, ट्रान्झिस्टरची. डायग्राममध्ये २एन५०८८ होता, मी बीसी ५४७ लावला कारण तो कुठेही मिळतो. (पाय उलटे आहेत, सपाट बाजू समोर धरली तर एकाचे एमिटर-बेस-कलेक्टर आणि दुसऱ्याचे कलेक्टर-बेस-एमिटर, फिरवून लावायचा.) बीसी ५४७ च्या पाठीवर ए, बी किंवा सी असं अक्षर असतं, ते गेनचं (करंट किती पट वाढवतो त्याचं). सी लावला की कलेक्टर साडेचारच्या जवळ बसला आणि ए लावला की पावणेसहाच्या आसपास, कारण कमी गेनवाला बेसमधून जास्त करंट मागतो आणि ४७० के सारख्या मोठ्या रेझिस्टरमधून तो द्यायला गेलं की बेसचे व्होल्ट पडतात. तिथे मग खालचा ४७ के काढून ५६ के लावला तर कलेक्टर परत खाली येतो. तेव्हा ट्रान्झिस्टर बदललात तर रेझिस्टरही बघावे लागणार, डायग्राममधली व्हॅल्यू त्या डायग्राममधल्या ट्रान्झिस्टरसाठी आहे.

ट्यूब स्क्रीमर मोठं प्रकरण आहे पण रेझिस्टरच्या दृष्टीने त्यातल्या बऱ्याच जागा गरीब आहेत, काहीही लावा तक्रार नाही. साडेचार व्होल्टचा आधार तयार करायला १० के च्या दोन रेझिस्टरची जोडी आहे, तिथे २२ के ची जोडी लावा, ४७ के ची लावा, दोघं सारखे असले की बास. उलट बॅटरीतून तेवढं कमी जातं. इनपुटला ५१० के आहे, तिथे ४७० के लावला, कानाला शून्य फरक. फक्त इथे १०० के च्या खाली जायचं नाही, पिकअपवर लोड येतो आणि गिटारचा वरचा खणखणीतपणा जातो, ब्लँकेट टाकल्यासारखा आवाज येतो.

आता ज्या ५१ के साठी गल्लीत फिरलो तो. तो ऑप-अ‍ॅम्पच्या फीडबॅकमध्ये (सिग्नल वाढवणाऱ्या आयसीच्या आउटपुटवरून इनपुटकडे परत येणाऱ्या वाटेत) ५०० के च्या ड्राइव्ह पॉटबरोबर सिरीजमध्ये बसतो, आणि खाली ग्राउंडकडे ४.७ के आणि ४७३. गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो ते, १ अधिक वरचे सगळे भागिले ४.७. ड्राइव्ह पूर्ण बंद असताना ५१ भागिले ४.७ अधिक १, साधारण १२ पट. पूर्ण उघडला की ५५१ भागिले ४.७ अधिक १, ११८ पट. ५१ च्या जागी ४७ लावला तर खालचं टोक १२ चं ११ होतं, जेमतेम पाऊण डेसिबल, आणि वरचं टोक ११८ चं ११७. त्यात पॉट स्वतः वीस टक्के इकडेतिकडे असतो, ५०० लिहिलेला ४०० भरतो नाहीतर ६००, मग चार के ची काय कथा. पॉटची पण आपल्याकडे तीच रड आहे, दुकानात २० के, ५० के, ५०० के पेक्षा २२, ४७ आणि ४७० च जास्त दिसतात. ४७० के चा पॉट लावला तर गेन ११८ चा ११२ होतो, अर्धा डेसिबलसुद्धा पडत नाही. मी तोच लावला. ५१ के ची जागा मी ४७ के आणि ३.९ के सिरीजमध्ये लावून ५०.९ केली होती आधी, बोर्डवर उभे लावून वरून जोडलेले, दिसायला घाण, नंतर काढून टाकले आणि सरळ ४७ लावला. तेवढी जागाही वाचली.

ह्या सर्किटमध्ये खरा जीव आहे तो खालच्या ४.७ के मध्ये, आणि ह्याच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. बोर्डवर तिथे बर्ग स्ट्रिपच्या फीमेल पिना सोल्डर केल्या, म्हणजे रेझिस्टर नुसता खोचायचा आणि काढायचा. कपॅसिटरच्या जागी पण तशाच दोन पिना. हे ज्यांना माहीत नसेल त्यांनी पहिल्या दिवसापासून करा, दरवेळी डिसोल्डर पंप घेऊन बसलं की दोन-तीन वेळात पीसीबीचं तांबं उचकटून येतं, झिरो पीसीबी (नुसत्या भोकांचा साधा बोर्ड) असेल तर एकदाच.

तर, डोक्यात असं होतं की ४.७ काढून २.२ लावला की गेन दुप्पट, मजा. लावला. गेन वाढला, पण आवाज पातळ झाला, वरच्या तारा किंचाळायला लागल्या आणि खालची ई तार जिथे होती तिथेच राहिली. का, ते कागदावर मांडल्यावर कळलं. ४.७ के आणि ४७३ मिळून एक फिल्टर आहे, ७२० हर्ट्झचा. त्याच्यावरच्या सुरांना पूर्ण गेन, खालच्यांना उतरत्या क्रमाने कमी, ट्यूब स्क्रीमरचा तो जो नाकातून आल्यासारखा मिड आवाज आहे तो बराचसा इथून येतो. रेझिस्टर २.२ केला की फिल्टर सरकून १५४० च्या आसपास जातो. आणि ई तार आहे ८२ हर्ट्झची, तिथे ४७३ चा स्वतःचाच अडथळा ४१ के च्या वर आहे, त्याच्यासमोर रेझिस्टर ४.७ असला काय नि २.२ असला काय, तिला गेन मिळणार तेरा-चौदा पटच. वाढ सगळी वरच्या सुरांना. मग २.२ के बरोबर ४७३ काढून १०४ खोचला, फिल्टर परत ७२३ वर आला, आणि आता खरंच तोच ट्यूब स्क्रीमर पण जास्त ड्राइव्हवाला मिळाला. उलट बाजूने नुसता कपॅसिटर १०४ चा ठेवून ४.७ परत लावला तर फिल्टर ३४० ला जातो, खालचा जाड आवाज भरपूर. बेसिस्ट मित्राला तो फार आवडला, मला जरा गढूळ वाटला. शेवटी मी ३.३ के आणि ४७३ वर थांबलो, हजाराच्या थोडा वर फिल्टर, कारण माझा अ‍ॅम्प छोटा आहे आणि त्याचा खालचा जाड आवाज आधीच फुगलेला आहे. दुसऱ्याच्या अ‍ॅम्पवर हे चूक ठरेल, पण पेडल माझ्यासाठी बनवतोय ना.

तेव्हा कपॅसिटरला जोडलेला रेझिस्टर बदलताना दोनदा बघायचं. ह्याच सर्किटात पुढे १ के आणि २२४ आहेत, परत ७२० च्या आसपास पण हा वरचं कापणारा. तिथे १.२ के लावला की ६०० वर येतो, आवाज थोडा गडद. काही लोक मुद्दाम करतात.

मग ते प्रसिद्ध आउटपुटचे दोन रेझिस्टर. ८०८ मध्ये १०० ओहम आणि १० के, नंतरच्या टीएस ९ मध्ये ४७० ओहम आणि १०० के. ह्या दोन रेझिस्टरवर लोक अक्षरशः भांडतात, टीएस ९ चं ८०८ करून देतो म्हणून पैसे घेणारेही आहेत. मी छोटा स्विच लावून दोन्ही जोड्या बदलता येतील असं केलं. गणितात बघा, पहिल्या जोडीत सिग्नलचा ९९ टक्के पुढे जातो, दुसरीत ९९.५. प्रॅक्टिसला सगळ्यांना पाठ करून उभं केलं आणि स्विच मारत गेलो. ड्रमर म्हणाला "दुसरा जास्त वॉर्म आहे", तेव्हा मी स्विचला हातसुद्धा लावलेला नव्हता. माझ्या कानाला काही फरक नाही, माझ्या केबलला नाही, माझ्या अ‍ॅम्पला नाही. ज्यांना ऐकू येतो त्यांच्याशी वाद घालायची माझी इच्छा नाही, स्विच मी काढून टाकला, आणि १०० ओहम व १० के घरात होते म्हणून ते राहिले.

टोनचा २० के पॉट, तिथे २२ के लावला. व्हॅल्यूने काहीच बिघडलं नाही, बिघडलं ते चालीने. ओरिजिनलमध्ये वेगळ्या टेपरचा (फिरवताना व्हॅल्यू वेगळ्या चालीने बदलणारा) पॉट आहे, साधा लिनिअर लावला की मधे फिरवताना काही होत नाही आणि सगळा बदल दोन टोकांना गोळा होतो. मी तसाच ठेवला, कारण टोन एकदा लावला की मी हलवत नाही.

जिथे नेमकी व्हॅल्यू हवीच असेल तिथे जोड्या करायच्या. सिरीजमध्ये बेरीज, ते सोपं. ३९ आणि ३.९ मिळून ४२.९, ४७० आणि ३९ मिळून ५०९. पॅरलल जरा डोकं लावून, २२ के आणि २२० के पॅरलल केले की बरोब्बर २० के होतात, हा माझा आवडता. बोर्डवर पॅरलल लावणं जास्त सोयीचं, एक रेझिस्टर आधीच बसलाय, दुसरा मागून ट्रॅकच्या बाजूला त्याच्यावरच सोल्डर करायचा, व्हॅल्यू खाली येते. म्हणून शंका असेल तर आधी मोठा लावायचा, मग मागून कमी करत यायचं, वर न्यायचा असेल तर मात्र काढावाच लागतो.

एक आयडिया मात्र करू नका, प्रमाण तेच ठेवून सगळंच दहापट करण्याची. ४.७ च्या जागी ४७ के, ५१ च्या जागी ५१० के, पॉट ५ मेगचा, गेन तोच येईल कागदावर. पण मोठा रेझिस्टर म्हणजे जास्त हिस (मागे सतत चालणारा सूं-सूं आवाज), त्यातून हा पहिला स्टेज, त्याचा हिस पुढे सगळीकडे वाढवला जातो. शिवाय फीडबॅकवर ५१ पीएफचा छोटा कपॅसिटर आडवा बसलेला असतो. ५५१ के बरोबर तो साडेपाच हजार हर्ट्झच्या वरचं मऊ करतो, तेच साडेपाच मेग झाले की साडेपाचशेच्या वरचंच कापायला लागेल.

एलईडीच्या रेझिस्टरचं दोन ओळीत. डायग्राममध्ये ४.७ के होता, माझ्याकडे १ के होते, निळा एलईडी, १ के ने सहा मिलिअँप जातात आणि अंधाऱ्या खोलीत पेडलकडे बघवत नाही. १० के लावा, भरपूर दिसतो, बॅटरीही टिकते.

आता फझ फेस, जिथे डायग्राममधल्या आकड्यावर भरवसा ठेवूच नये. दोन ट्रान्झिस्टर, पहिल्याच्या कलेक्टरला ३३ के, दुसऱ्याला ८.२ के आणि ४७० ओहम सिरीजमध्ये, एमिटरला १ के चा फझ पॉट, आणि दुसऱ्याच्या एमिटरवरून पहिल्याच्या बेसला १०० के. सगळं एकमेकांत अडकलेलं, त्यामुळे एक ट्रान्झिस्टर बदलला की दोघांचं बायस (सिग्नल नसतानाचे व्होल्ट) हलतं. सुरुवातीच्या फझ फेसमध्ये जर्मेनियम असायचे, एनकेटी २७५ आणि एसी १२८, ते ८.२ के त्यांच्यासाठी. पुढे सिलिकॉनचे बीसी १०८ आले.

मी आधी सिलिकॉनचा केला, बीसी ५४७ बी दोन्ही जागी. ८.२ के तसाच ठेवून दुसऱ्याचा कलेक्टर मोजला तर तीनच्या जवळपास, हवे होते साडेचार. आवाज येत होता, फझ होता, पण नोट विरताना शेवटी फर्रर्र करून तुटायची. मग ८.२ काढून तिथे १० के चा प्रीसेट लावला, छोट्या स्क्रूड्रायव्हरने फिरवत मीटरवर ४.५ आणला. एकीकडे गिटार लावून हे करायला जाम मजा येते, व्होल्ट वर चढतात तसतशी नोट जागेवर बसत जाते, आणि साडेपाच-सहाच्या पुढे परत पातळ. बरोबर साडेचारलाच सगळ्यात गोड आहे असं काही नाही, मला ४.८ च्या आसपास आवडला. प्रीसेट काढून मोजला तर सहा के च्या थोडा खाली, म्हणून ५.६ के पक्का सोल्डर केला.

आणि ४७० ओहमचं. आउटपुट ह्या दोन रेझिस्टरच्या मधून घेतलेलं असतं, म्हणजे ८.२ के असताना एकूण सिग्नलचा साधारण अठरावा भागच बाहेर येतो. माझ्या सिलिकॉनवाल्यात व्हॉल्यूम पूर्ण उघडला तरी बायपासपेक्षा (पेडल बंद असतानाच्या आवाजापेक्षा) जेमतेम वर, बँडमध्ये सोलोला दाबला की मी गायब. तिथे १ के लावला. बायस थोडंसं हललं, अर्ध्या व्होल्टच्या आत, आणि आवाज जवळजवळ दुप्पट. सगळ्या पेडलांत एका रेझिस्टरने एवढा उपयोग कुठेच झाला नाही.

जर्मेनियमसाठी रविवारी मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारात एक मेलेला ट्रान्झिस्टर रेडिओ घेतला, आतल्या आउटपुटच्या जोडीत दोन एसी १२८ होते. हे पीएनपी, त्यामुळे बॅटरी उलटी, पॉझिटिव्ह ग्राउंड, बाकीच्या पेडलांबरोबर एकाच अ‍ॅडॅप्टरवर चालवता येत नाही, शॉर्ट होईल. एकाचा लीकेज (बंद असतानाही आतून गळणारा करंट) बराच होता, तो दुसऱ्या जागी टाकला. प्रीसेट फिरवून उणे ४.५ आणला आणि सहज गंमत म्हणून ट्रान्झिस्टरच्या पत्र्याच्या टोपीवर बोट ठेवलं. मीटरवरचा आकडा चालायला लागला. नुसत्या बोटाच्या उबेने. बोट काढलं की हळूहळू परत जागेवर. जर्मेनियमचा लीकेज दर दहा डिग्रीला साधारण दुप्पट होतो म्हणतात ते असं समोर दिसलं. इथे ८.२ लावू की ६.८ लावू ह्याला काही अर्थ नाही, जुलैतल्या पावसात बसवलेला आकडा एप्रिल-मेमध्ये पुण्यात चाळीस डिग्रीला कामाचा नाही. म्हणून ह्याच्यात प्रीसेट तसाच ठेवला आणि डब्याच्या बाजूला ड्रिलने भोक पाडून ठेवलं, बाहेरून स्क्रूड्रायव्हर जाईल एवढं. जे लोक हा प्रीसेट काढून फिक्स रेझिस्टर लावतात ते एसीमध्ये राहत असतील.

रेझिस्टर कुठल्या जातीचे, ह्यावरही बरंच ऐकायला मिळतं. जुने कार्बन कॉम्पोझिशनचे लावले की "विंटेज टोन" येतो वगैरे. नऊ व्होल्टवर मला काही आला नाही, हिस आला. मी आता पाव वॅटचे एक टक्क्याचे मेटल फिल्म, दुकानात एमएफआर म्हणतात ते, तेच घेतो, ५% च्या सीएफआर (कार्बन फिल्म) पेक्षा थोडे महाग पण शांत. त्यांचा एकच त्रास, निळ्या अंगावर पाच पट्टे, आणि ट्यूबलाइटच्या उजेडात तपकिरी, लाल आणि केशरी सगळे भाऊ-भाऊ दिसतात. पट्टे वाचत बसत नाही, लावायच्या आधी प्रत्येक मीटरवर टेकवतो.

आता काकांकडे गेलो की यादीत तीनच गोष्टी जास्तीच्या असतात, ४७, ३९ आणि २२ ची पाकिटं प्रत्येक दशकात, दोन-तीन प्रीसेट, आणि एक बर्ग स्ट्रिप. परवा त्यांनीच विचारलं, "ते एकावन्न मिळाले का रे तुला?" म्हटलं, सत्तेचाळीस लावला. पुढचं इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचंच बिग मफ (हेही फझ) करायचं चाललंय, त्यात चार ट्रान्झिस्टर आहेत आणि त्याच्या निरनिराळ्या आवृत्त्यांत कंपनीनेच रेझिस्टर इतक्या वेळा बदललेत की कुठली डायग्राम धरावी हाच प्रश्न आहे. कोणी बनवलं असेल तर टोन कंट्रोलमध्ये ३९ के आणि २२ के ठेवले की बदलले ते सांगा, माझ्याकडे दोन्ही पाकिटं पडून आहेत.